शीट चौदा, रिव्हिजन दोन

इस्माईलभाई,

आधी भांडतो, मग बाकीचं. तुला जाऊन सोळा दिवस झाले आणि एवढ्या दिवसांत माझ्याशी कुणी धड भांडलेलं नाही. कॅम्पमधले सगळे हळू आवाजात बोलतात. मेसवाला न मागता डाळ वाढतो. आठ वर्षांत ज्याने मला पाच मिनिटं लवकर सोडलं नाही तो आमचा पंजाबी सुपरवायझर म्हणतो, "गजानन, आज जल्दी रूम पे जाओ." रूमवर येऊन काय करू? तुझ्या खाटेकडे पाठ करून बसलो की वाटतं तू मागून चष्म्यावरून बघतोयस. तिच्याकडे तोंड करून बसलो तर खाट रिकामी. म्हणून मी बसतच नाही. दारापासून खिडकीपर्यंत सात पावलं आहेत, हे अकरा वर्षं इथे राहून मला या पंधरवड्यात कळलं.

हे पत्रसुद्धा कपाटावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय. तुला दाखवायला कुणाकडे पाठवणार, ते विचारू नकोस. तुझ्या कपड्यांचं, पुस्तकांचं कार्टन भरून तयार आहे. उद्या सकाळी ते इथून, सौदीतल्या जुबैलहून निघेल आणि श्रीवर्धनला खाडीवरच्या तुझ्या घरी, भाभींकडे जाईल. त्याआधी एक गोष्ट तुला सांगून टाकायला हवी. तू असताना ती माझ्या तोंडून निघाली नाही. तुझी नसरीन दुसऱ्या वेळी परीक्षेत नापास झाली, ती तिच्या चुकीने नाही. माझ्यामुळे झाली.

घे. सांगितलं. आता सुरुवातीपासून सांगतो, कारण अर्धवट कागद तुला कधी चालला नाही.

इंग्लंडात लेस्टरला दिलेली तुझी धाकटी. जावई तिथे बस चालवतो. पोरीला त्या देशात कायमचं राहायचं तर आधी त्यांची परीक्षा द्यायची, त्यांचा इतिहास, त्यांची पार्लमेंट, त्यांचे सणवार. चोवीस प्रश्न, अठरा बरोबर आले तर पास. नसरीन गावच्या हायस्कुलात मराठीतून शिकलेली. पहिल्या वेळी अकरावर अडकली आणि फोनवर ढसाढसा रडली. तू म्हणालास, "रडतंस कशाला? बाप हाय ना." मी मनात म्हटलं, हा दहावी पास माणूस आता इंग्लंडचा इतिहास शिकवणार, झालं पोरीचं कल्याण.

पण तू साधा माणूस नव्हतास, डॉक्युमेंट कंट्रोलर होतास. सबंध प्लांटमध्ये कोणतं ड्रॉइंग चालू आणि कोणतं रद्द, ते तू सांगायचास. नवीन ड्रॉइंग आलं की जुनं साईटवरून गोळा करून आणल्याशिवाय जेवायचा नाहीस. "जुनी रिव्हिजन साईटवर राहिली तर माणसं मरतात, गजा," हे तुझं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. तर तू परीक्षेचं पुस्तक मागवलंस आणि त्याचीही ड्रॉइंगं केलीस. प्रिंटरमध्ये अडकून वाया गेलेले मोठे कागद, त्यांच्या कोऱ्या बाजूला पट्टीने चौकटी. वर इंग्रजी प्रश्न, खाली मराठीत अर्थ, समोर उत्तर. आणि उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात रकाने: शीट नंबर, रिव्हिजन, तारीख, बनवणारा, तपासणारा. तपासणारा म्हणून माझी सही घ्यायचास. मी पाईपिंगचा फोरमन, मला त्यातलं काय कळतंय? पण सही करताना मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं, हे कबूल करतो.

मग शुक्रवार आला की जुम्म्याची नमाज आटपून तू परतायचास, तोवर मी भात लावलेला असायचा, तू हामूर माशाचं कालवण गरम करायचास आणि दीडच्या सुमारास फोन लागायचा. तिकडे लेस्टरला सकाळ, पोरं शाळेत. तू विचारायचास, ती उत्तर द्यायची, मी मध्ये तोंड घालायचो. सहा बायका करणाऱ्या त्या राजाच्या बायका आपण तिघांनी पाठ केल्या. कुणाला सोडलं, कुणाचं डोकं उडवलं, सगळं क्रमाने. जेवता जेवता तू बोटांवर मोजत होतास आणि शेजारच्या खोलीतला केरळचा नर्स मीठ मागायला आला. तू म्हणालास, "हिला मारली, मग हिला सोडली." तो मीठ न घेताच परत गेला.

आणि त्यांचं सरकार समजावून सांगावं तर तूच. नसरीनला दोन सभागृहांचं काही केल्या डोक्यात शिरेना. तू म्हणालास, "हे बघ बेटा. खालचं सभागृह म्हणजे आपली प्रोजेक्ट टीम. निवडून येतात, काम तेच काढतात. वरचं म्हणजे कन्सल्टंट. तपासतो, शेरे मारतो, उशीर लावतो, पण काम थांबवायची ताकद नाय त्याच्यात."

"आणि राजा?" तिने विचारलं.

"राजा शेवटची सही करतो."

"नाही केली तर?"

"करतोच."

मी म्हटलं, "मग तो ठेवलाय कशाला? फुकट पोसायला?"

"आपला मॅनेजर तरी काय करतो?" तू म्हणालास, आणि नसरीन इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या विषयात तिचा पुन्हा कधी एकही मार्क गेला नाही.

पण एका गोष्टीने तुझी झोप उडवली होती. त्या देशाची घटना एका ठिकाणी लिहून ठेवलेली नाही, हे वाचलंस तेव्हा तुझा विश्वासच बसेना. पुस्तक माझ्यासमोर आपटलंस. "कागद नाय? मग हे लोक रिव्हिजन कशाची करतात?" आठ दिवस तू त्याच काळजीत. शेवटी ऑफिसात फहदला विचारलंस. हा फहद म्हणजे तुझ्या हाताखाली शिकायला आलेला सौदी माणूस, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, सरकारी शिष्यवृत्तीवर पाच वर्षं इंग्लंडच्या उत्तरेकडे शिकून आलेला. तो हसून म्हणाला, "त्यांच्याकडे कागद खूप आहेत, इस्माईलभाई. एकही रद्द करत नाहीत, एवढंच." तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आठशे वर्षांपूर्वी नदीकाठच्या कुरणात राजाला ज्या कागदावर शिक्का मारायला लावला, तोसुद्धा अजून थोडा चालूच, हे ऐकून तू कपाळाला हात लावलास. म्हणालास, या देशाला एक कंट्रोलर पाहिजे होता.

इतकं हसत होतो, तरी भांडण काही मिटत नव्हतं. मला ते पुस्तक खुपायचं. ज्यांनी आपल्याला दीडशे वर्षं राबवलं त्यांच्या राजांची नावं आपल्या पोरीने घोकायची, आणि मग त्यांनी ठरवायचं की ही आमच्यात बसते की नाही. मी चिडून बोललो की तू शांतपणे भात कालवत राहायचास. एकदाच उत्तर दिलंस, ते माझ्या कानातून जात नाही.

"गजा, मला इथं अट्ठावीस वर्षं झाली. माझा राहायचा परवाना, एक इकामा संपला की दुसरा. सौदी सणाला मी सणाचे कपडे घालतो, इथल्या रस्त्यांची जुनी नावं मला फहदपेक्षा जास्त ठाऊक. पण मी इथला होईन, अशी परीक्षा हाय कुठं? तिथं निदान पुस्तक तरी हाय. वाच, पास हो, आमची हो. इथं पुस्तकच नाय रे."

मी म्हटलं, पुस्तकात खोटं लिहिलं असेल तर? तू म्हणालास, "काम ड्रॉइंगप्रमाणे करायचं असतं. ड्रॉइंग चुकीचं वाटलं तर आधी काम पास कर, मग शेरा लिही."

तुझ्या आज्याची गोष्ट काढून मी तुला कोंडीत पकडायला गेलो होतो, तेही आठवतं. तुझा आजा त्यांच्या आगबोटीवर आगवाला, तळाशी बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. महायुद्धात बोट बुडाली, तीन दिवस पाण्यावर तरंगून वाचला, बरा होऊन पुन्हा त्याच कंपनीच्या बोटीवर चढला. त्याचं जहाजी पुस्तक तू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचास. पानापानावर त्यांच्या बंदरांचे शिक्के, सहीच्या जागी अंगठा, आणि वर्तणुकीच्या रकान्यात प्रत्येक सफरीला एकच शिक्का: व्हेरी गुड. मी म्हटलं, "दाखव, परीक्षेच्या पुस्तकात या आगवाल्यांबद्दल किती ओळी आहेत?" तू पानं चाळलीस, बराच वेळ चाळलीस. मग पुस्तक मिटून म्हणालास, "आज्याने परीक्षा दिली होती ना. शिक्का हाय." आणि कालवणाचं भांडं घासायला घेऊन गेलास. मी जिंकलो होतो, पण जेवण गेलं नाही.

आता तो दिवस. तू सकाळीच ऑफिसातून परत आलास, हातात पत्र. तुझी जागा सौदी नागरिकांसाठी राखीव झाली होती. इकामा संपेपर्यंत आठ महिने, तेवढ्यात फहदला सगळं शिकवायचं आणि खलास. तू पत्र नीट घडी करून फाईलला लावलंस आणि म्हणालास, "त्यांचा देश, त्यांची पोरं. आपण नसतं केलं?" आणि लगेच शीट चौदा काढून बसलास, कारण नसरीनची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. शीट चौदा म्हणजे साम्राज्याचं प्रकरण.

माझं डोकंच फिरलं. तुझा राग आला, कंपनीचा आला, जगातल्या सगळ्या देशांचा आला. माणसाकडून काम घेतात आणि ठेवून घ्यायची वेळ आली की कागद दाखवतात. आणि हा बाबा त्याच दिवशी साहेबाचं कौतुक लिहून काढतोय! तू नमाजेला उठलास. जाताना म्हणालास, "गजा, शीटचा फोटो काढून पोरीला पाठव, माझा फोन चार्जिंगला हाय." आणि माझ्या खिशात लाल पेन होतं.

आम्हा साईटवरच्या लोकांची ती खोडच. ड्रॉइंगमध्ये पाईप एकीकडून दाखवलेला असतो आणि जागेवर तो दुसरीकडूनच गेलेला असतो. मग आम्ही ड्रॉइंगवर लाल पेनाने खरं काय ते लिहितो. मी तेच केलं. 'साम्राज्यातल्या बहुतेक देशांना स्वातंत्र्य शांतपणे आणि शिस्तीने मिळत गेलं: बरोबर की चूक?' तू लिहिलं होतंस, बरोबर. मी त्याच्यावर लाल काट मारली आणि लिहिलं, चूक. कापडगिरण्यांच्या प्रश्नाला आमच्या विणकरांचं काय झालं ते लिहिलं. महायुद्धात त्यांच्या बाजूने कोण लढलं, तिथे लिहिलं, इस्माईलचा आजा. अशा पाच काटा. अक्षर सुवाच्य काढलं. तू परत आल्यावर तुझ्या तोंडावर मारायचं होतं ते. आणि त्याच तंद्रीत, तू सांगितलं होतंस म्हणून, फोटो काढून नसरीनला पाठवला. तू परतलास तोवर डोकं थंड झालं होतं; शीट गुपचूप फोल्डरला लावून टाकली.

खरं सांगतो, पाठवताना त्यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही. मला वाटलं, पोरगी बघेल आणि हसेल, काका वेडा आहे म्हणेल. पण ती कंट्रोलरची मुलगी. तिला तू लहानपणापासून शिकवलेलं, काळी शाई आधीची, लाल शाई शेवटची. तिने लाल ते घोकलं.

सतरा. एका मार्काने गेली. तिने फोनवर फक्त एवढंच सांगितलं की तो शांतपणे आणि शिस्तीने वाला प्रश्न आला होता. आणि तू तिला जे बोललास! अकरा वर्षांत मी तुझा तसा आवाज ऐकला नव्हता. "लक्ष नाय तुझं. मी इथं डोळे फोडून लिहितो आणि तू तिथं काय करतंस?" मी समोर खुर्चीवर बसलेलो. एक वाक्य बोलायचं होतं मला. इस्माईलभाई, लाल शाई माझी. चार शब्द. मी मूग गिळून बसलो. मग तू नमाजेआधी हातपाय धुवायला, वजू करायला गेलास तेव्हा फोल्डरमधून शीट चौदा काढली आणि माझ्या बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली लपवली. चोरासारखी.

तीन शुक्रवार फोन झाला नाही. तू एकटाच जेवायचास, मी दोन घास खाऊन उठायचो. चौथ्या शुक्रवारी घंटी वाजली आणि तू नेहमीसारखा बोललास, जरा जास्तच प्रेमाने. मला हायसं वाटलं. म्हटलं बापलेक आहेत, किती दिवस रुसतील. आता माझा उल्लेखही कशाला? तिसऱ्या वेळी पास होईल, मग हसत हसत सांगू. तिचा व्हिसा उन्हाळ्यात संपत होता. तिसरी परीक्षा नापास झाली की पोराबाळांसकट सगळंच टांगणीला. पण मी हसत हसत सांगायचं ठरवून मोकळा झालो.

आणि मग तो रविवार. कंपनीची बस, पहाटेची शिफ्ट. तू माझ्या शेजारी, खिडकीकडे. गेटवर सगळे उतरले, तू उतरला नाहीस. मी म्हटलं, "भाई, यल्ला, उतर." मला वाटलं डोळा लागलाय तुझा.

पुढचं सगळं फहदने केलं, हे तुला कळायला हवं. हॉस्पिटल, पोलीस, पासपोर्ट, एकेक कागद घेऊन तो तीन दिवस फिरला, आणि एकही कागद गहाळ होऊ दिला नाही. तुझाच चेला. भाभी फोनवर म्हणाल्या, त्यांना तिथंच ठेवा, त्यांची जमीन आता तीच. कब्रस्तानात मला आत जाता येणार नव्हतं. मी बाहेर भिंतीपाशी, पार्क केलेल्या बसच्या सावलीत उभा राहिलो. अर्ध्या तासाने फहद बाहेर आला, हात मातीने भरलेले. मला म्हणाला, "सगळे तीन ओंजळी टाकतात. मी सहा टाकल्या. तीन तुझ्या." मला त्याला मिठी मारायची होती, ते काही जमलं नाही. मी त्याचे हात धरून उभा राहिलो.

तुझ्या खुर्चीवर आता तो बसतो आणि मला त्याचा राग येत नाही. त्याचं आश्चर्य वाटतं. एकदा तो म्हणाला होता, इंग्लंडमध्ये पाच वर्षांत त्याला सहा बायकांबद्दल कुणी विचारलं नाही. सगळे एकच विचारायचे, तू मूळचा कुठला? तू तेव्हा म्हणाला होतास, "ते तर आपणही विचारतो."

नवव्या दिवशी नसरीनचा फोन आला, माझ्या फोनवर. परीक्षा आठवड्यावर. म्हणाली, "काका, मी नाही देणार."

मी म्हटलं, असं कसं, अब्बांनी एवढी मेहनत घेतली.

"म्हणूनच नाही देणार." मग ती रडायला लागली. "तुम्हाला माहीत नाही, काका. मी सतरावर अडकले त्यानंतर तीन आठवड्यांनी अब्बांचा फोन आला होता. म्हणाले, बेटा, चूक तुझी नाय. तुझ्याकडे चुकीची रिव्हिजन आली. चुकीचा कागद साईटवर गेला तर जबाबदारी कंट्रोलरची. मी विचारलं, लाल पेनाने कुणी लिहिलं होतं? तर म्हणाले, मीच. मग मी त्यांना बोलले. काय काय बोलले. म्हटलं, तुम्हाला जमत नाही तर शिकवता कशाला, माझं वर्ष घालवलंत. काका, ते हसले. आणि आता ते नाहीत. कुठल्या तोंडाने देऊ परीक्षा?"

मी फोन हातात धरून उभा होतो. तुला ठाऊक होतं; माझ्या बॅगेतली शीट तुझ्या हाती लागली असणार. आणि तू तो आळ स्वतःवर घेतलास, पोरीच्या शिव्या खाल्ल्यास, आणि त्याच संध्याकाळी माझ्यासोबत बसून चहा पिऊन, मॅच बघून झोपलास. आत्ता समोर असतास तर तुझी कॉलर धरली असती. कुणी सांगितलं होतं तुला माझी चूक पोटात घालायला?

मी नसरीनला म्हटलं, थांब, दहा मिनिटांनी फोन करतो. आणि तुझं फोल्डर काढलं. नऊ दिवसांत नीट बघितलंच नव्हतं, तसंच कार्टनमध्ये टाकलं होतं. तेरा नंबरनंतर चौदा होतं. माझ्या बॅगेत जे होतं ते नव्हे. नवीन, स्वच्छ, पट्टीने आखलेलं. खाली कोपऱ्यात रिव्हिजनचे रकाने. पहिल्या ओळीत: शून्य, मूळ प्रत. दुसऱ्या ओळीत: एक, लाल दुरुस्त्या, गजानन. तिसऱ्या ओळीत: दोन, चालू प्रत. आणि शेऱ्याच्या जागी, रिव्हिजन एकच्या समोर, तुझ्या त्या ठळक अक्षरात: साईटवर बरोबर. परीक्षेसाठी रद्द.

कागद गहाळ झाला की तू अख्खं ऑफिस उलटंपालटं करायचास. चौदा नंबर गेला आणि तू चकार शब्द काढला नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पोरीशी खोटं बोललास, पण कागदावर खोटं लिहिणं तुला जमलं नाही. आणि बरोबर म्हणालास! दोन वर्षं घसा फोडून भांडलो, एकदाही मान हलवली नाहीस, आणि इथे कोपऱ्यात लिहून ठेवलंस, की मी बरोबर होतो. मला सांगायला काय झालं होतं तुला?

मी नसरीनला फोन लावला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. लाल शाई माझी होती. फोटो मी पाठवला. शीट मी लपवली. तुझ्या बापाने एक अक्षर चुकीचं लिहिलं नव्हतं. मग तुझा शेरा वाचून दाखवला.

तिने तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "तुम्ही समोर बसून ऐकत होतात? ते मला ओरडत होते तेव्हा?"

मी म्हटलं, हो.

तिने फोन ठेवला. बरोबर केलं. मला त्यापेक्षा जास्त काही मिळायला नको होतं.

शुक्रवारी मी सवयीने भात लावला, दोघांचा. कालवण जमलं नाही, अंडी उकडली. दीड वाजून गेला. भांडी आवरायला घेतली आणि घंटी वाजली. "काका," ती म्हणाली, आवाज कोरडा, "शीट एकपासून विचारा." मी विचारलं. सगळी विचारली. राजा, कन्सल्टंट, सहा बायका, चार देशांचे चार संत. चौदावर आलो आणि ती थांबली. "याचं खरं उत्तर कोणतं, काका?"

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. बेचाळीसचे तुरुंग, फाळणी, तुझा आजा, सगळं. तुला माहीत आहे मी किती बोलू शकतो.

मी म्हटलं, "रिव्हिजन दोन. पुस्तकात आहे तेच लिही. बाकीचं पास झाल्यावर मी बसून सांगेन."

आज मंगळवार. दुपारी तिचा निरोप आला. पास झाली, इस्माईलभाई. बावीस. मी हातातला पाना टाकून ओरडलो, सुपरवायझर धावत आला, त्याला वाटलं काही फुटलं. फहदला फोन केला, तो ऑफिसात खुर्चीवरून उठून उभा राहिला, असं मागून कुणीतरी सांगितलं. मग मी नसरीनला विचारलं, त्या प्रश्नाचं काय लिहिलंस?

"तो आलाच नाही, काका," ती म्हणाली. आणि पहिल्यांदा हसली, तुझ्यासारखी, ठसका लागेपर्यंत.

कार्टन उद्या निघेल. त्यात तुझे चार शर्ट आहेत, चष्मा, नमाजेची जानमाज, आज्याचं जहाजी पुस्तक त्याच्या पिशवीत, आणि एक ते तेरा नंबरच्या शीट्स. माझी लाल काटांची प्रतही तेरानंतर लावलीय, वर रद्द लिहून. चालू चौदा मात्र मी ठेवून घेतोय. तसंच नाही घेत, घाबरू नकोस. तुझ्या इश्यू रजिस्टरच्या मागच्या पानावर नोंद केलीय, फहद साक्षीला होता. शीट चौदा, रिव्हिजन दोन, घेणारा गजानन, सही. परत केल्याची तारीख लिहायचा रकाना मोकळा सोडलाय, आणि तो मोकळा बघून तुला किती चीड येईल, ते मला माहीत आहे.